हेलुनाला औषध का लागू पडलं नाही

"काल तिला गोळी घालावी लागली," म्हणत लेम्पी करवोनेन खुर्चीत कोसळलीच.

हेलुना तिची लाडकी गाय. कास सुजून दगड झाली होती. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला करवोनेनांचा गोठा सेंद्रिय म्हणून ओळखला जाई, प्रतिजैविकं वर्ज्य. तरी गाय मरायला टेकली, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. काही उपयोग झाला नाही. तपासणीत कळलं, कासेतले जंतू त्या औषधाला आधीच सरावलेले होते.

"म्हणजे कुणीतरी ते चोरून टोचतंय. माझा नवरा एर्की म्हणाला, आमचा गडी डेलच असणार. मी डेलला हाकललं. पण मन खातंय."

समोर बसलेली सिल्वी हेक्किनेन खासगी तपासनीस. सोबत तिचा नवरा आर्वो, गाडी चालवायला आणि शंका काढायला.

"जंतू बाहेरून आले असतील," आर्वो म्हणाला.

"बाहेरची गाय आम्ही कधीच आणत नाही."

"पण औषधाचं दूध टँकरवाल्यांच्या तपासणीत सापडलं असतं."

"टाकीत गेलं असतं तर," सिल्वी म्हणाली.

डेल आपल्या घराच्या पायरीवर बसला होता. "मी धारा काढून दूध टाकीत सोडायचो. वासरांचा कॅन मात्र एर्की स्वतः भरतो. हात लावू देत नाही."

एर्की गोठ्यात हसला. "वासरांना कुठल्याही गाईचं चालतं. त्या डेलचं काय ऐकता!"

स्वयंपाकघरात लेम्पीच्या आईने, साइमीने, कॉफी ओतली. "व्हीली, आमचं फिनिश दही, दिलं असतं, पण हल्ली विरजणच लागत नाही. नुसतं पाणी! टाकीपर्यंत चालवत नाही, म्हणून दारातल्या वासरांच्या कॅनमधलं दूध घेते. हातच बिघडला माझा."

"विरजण मी आणते, आजी," सिल्वी म्हणाली. " एक वाटी टाकीतल्या दुधाची लावा, एक कॅनमधल्या."

दुसऱ्या दिवशी टेबलाशी सगळे जमले. सिल्वीने वाट्या कलत्या केल्या. टाकीतल्या दुधाची घट्ट, तार धरलेली. कॅनमधल्या दुधाची पातळ.

"दही लावतात तेही जंतूच," ती म्हणाली. "कॅनमधल्या औषधाने ते मेले. टाकीत दूध गेलं तर पकडलं जाईल, म्हणून औषध दिलेल्या गाईंचं दूध वेगळं काढलं. डेलला हाकललंत, तरी कालच्या कॅनमध्येही औषध होतंच. आणि कॅन एकच माणूस भरतो."

"पण औषधाने गाई बऱ्या व्हायला हव्यात!" आर्वो म्हणाला.

"सूज उतरली की सुई बंद. चिवट जंतू तेवढे उरले, वाढले आणि हेलुनापर्यंत पोचले. तिला उघड इंजेक्शन मिळालं, तोवर औषध निकामी झालं होतं."

एर्कीने मान खाली घातली. "टोचलेली गाय नियमाने कळपातून काढावी लागते. तुला एकही सोडवत नव्हती. तुझ्यासाठीच केलं, लेम्पी."

"डेलला मी लबाड म्हटलं. त्याच्या बायकोसमोर," लेम्पी हळू म्हणाली. "तू शेजारीच उभा होतास. मान डोलावत होतास."

तिने कोट चढवला.

"डेलकडे? मीही येतो, मी सांगतो त्याला..."

"तू डॉक्टरांना फोन कर. कुठल्या कुठल्या गाईला टोचलंस, ते आता तरी खरं सांग."