आठवी पायरी

रुचा नगरहून काष्टीकडे निघाली ती एका विहिरीचा आवाज आणायला. मोडीत निघालेले आवाज रेकॉर्डरवर टिपून ठेवणं हेच तिचं काम. रस्ता रुंद होणार होता, आणि तिथल्या राहीबाईंची ती विहीर दुसऱ्या दिवशी बुजवणार होते. विहिरीचं मोजमाप झालं होतं, दगडांची किंमतही ठरली होती. तिच्यात माणूस गेलाय, हे लिहायला मात्र कागदावर रकाना नव्हता.

तो माणूस म्हणजे राहीबाईंचे मालक, बजरंग. चार वर्षांपूर्वी भर दुपारी मोटार दुरुस्त करायला खाली उतरले होते. राहीबाईंनी काठावरून जेवायला हाक मारली. खालून उत्तर आलं, "आलो, राहे." तेवढ्यात वेळापत्रकात नसलेली वीज आली. पंचनाम्यात 'स्वतःचा हलगर्जीपणा' लिहून साहेब लोक चहा पिऊन गेले.

तेव्हापासून राहीबाई रोज बाराला काठावर येऊन हाक मारायच्या.

"उद्यापास्नं कुटं मारू?" त्या म्हणाल्या. "तेवढी तुज्या डबीत घे, पोरी."

त्यांनी पदर सावरला आणि वाकून हाक दिली, "अवं… जेवाय चला." विहिरीने ती घुमवून परत केली. मग रुचाने नेहमीच्या शिस्तीने दोन मिनिटं नुसती शांतता टिपली. पारवे फडफडले, एवढंच.

निघताना राहीबाईंनी भाकरी बांधून दिली आणि हसत सांगितलं, की पायऱ्या बावीस, पण गुडघ्यामुळे मालक आठवीवर टेकायचेच. आपण वरून त्यांना म्हातारं म्हणून चिडवायचो.

घरी रुचाने रेकॉर्डिंग ऐकलं. त्या शांततेत ओली पावलं पायऱ्या चढत होती. सात मोजली, आणि रेकॉर्डिंग संपलं. दुसऱ्या दिवशी त्याच दोन मिनिटांत बारा भरली. आठवीवर पाऊल थांबलं नव्हतं.

राहीबाईंच्या मोबाईलवरही तिने ते पाठवलं होतं. घाबरून तिने फोन केला, तर त्याही बाराला लावून मोजत होत्या. आठवीचं विचारलं, तर म्हणाल्या, "गुडगा बरा झाला असंल गं."

पाचव्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज दबका, नव्या नवरीसारखा.

"बावीस झाल्या… आल्यात. ताटावर बसलेत, पाठमोरे. अजून ओलेच हायत. बोलत न्हाईत काई…"

रुचाने एका कानाला हेडफोन लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पावलं भराभर चढली. बाविसावी वाजली. पारवे फडफडले. मग खूप खालून, जिथे आता मुरूम भरलाय तिथून, दमलेला, मायेचा आवाज आला.

"आलो, राहे… आठवीवर टेकलोय. थांब जरा…"

"मावशी," रुचा कशीबशी म्हणाली, "बाहेर या… आत्ता."

राहीबाईंचं लक्ष फोनकडे नव्हतं. त्या दुसऱ्याच कुणाशी बोलत होत्या.

"दार लावून घेते, अवं… ऊन लागतंय तुमाला."

पाठोपाठ कडी सरकल्याचा आवाज आला.