पट्टीवरची तारीख

बस आगाराच्या मागच्या भिंतीला लागून एक शटरची खोली होती. रोज सकाळी आठ ते एक तिथं फुटपाथवरच्या माणसांच्या जखमा धुतल्या जायच्या. धुणारी नर्स एकटीच. सगळे तिला ताई म्हणत. बँडेज बांधून झालं की चिकटपट्टीवर निळ्या पेनानं त्या दिवसाची तारीख टाकायची, ही तिची सवय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पट्टी किती दिवसांची हे मग विचारावं लागत नाही. तिचा दोनाचा आकडा लांब शेपटीचा, हजारात ओळखू यावा असा.

नऊ तारखेला ड्रायव्हर आला. कधीकाळी ट्रक चालवायचा म्हणून ड्रायव्हर. त्याच्या पायावरच्या पट्टीवर लिहिलं होतं, १२.

"ताई, तीन दिवस पुढं पळतेस होय? इथं आमचा आजच सरता सरत नाही."

रांग हसली. तीही हसली. चूक झाली असेल म्हणून तिनं पट्टी बदलली आणि ९ लिहिलं.

बाराला तो आला नाही. सफाईवाला सांगत आला की आगाराच्या जिन्याखाली मेलेला सापडला. पोलिसांनी कागदावर वय लिहिलं 'अंदाजे सत्तर'. होता एक्केचाळीसचा. रस्ता माणसाचं वय असंच खातो. आधी म्हातारा करतो, मग मारतो, आणि वर लोक म्हणतात, पिकलं पान गळालं.

"पट्टी तुमचीच होती," सफाईवाला म्हणाला. "आजची तारीख होती की. सकाळीच बांधलीत का?"

ती पुढच्या माणसाचा पाय धुऊ लागली.

मग शालवाली. तिला जखमही नव्हती, नुसता खोकला. तरी कोपरावर पट्टी, त्यावर २२. ताईनं ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. ताईनं निळं पेन गटारात फेकलं आणि काळं आणलं. तिसऱ्या दिवशी कोपरावर निळीच शाई, दोनाच्या दोन लांब शेपट्या.

"कुणी बांधली ही?"

"असं काय करता ताई? तुम्हीच की."

बावीसला शालवालीनं हॉस्पिटलच्या दारातच जीव सोडला. फॉर्मवर पत्ता नव्हता म्हणून तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. वय अडतीस.

चोवीसला रांगेत दादा उभा होता.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याच्या छातीत खोकला बसला, तेव्हा तिचं मूल पाळण्यात होतं. "बरा झालास की ये, दादा," असं म्हणून तिनं त्याची पिशवी दाराबाहेर ठेवली होती. तो बरा झाला नाही आणि आलाही नाही. इथं मात्र दर आठवड्याला यायचा, परक्यासारखा रांगेत उभा राहायचा, आणि धाकट्या बहिणीला सगळ्यांसारखं ताई म्हणायचा. सत्तेचाळीसचा माणूस, तोंडात चार दात.

तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला.

२७.

ती शटर ओढून त्याला घेऊन हॉस्पिटलला धावली. खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली नाही.

"पत्ता?"

तिनं स्वतःचा सांगितला.

"नातं?"

"सख्खी बहीण आहे."

"मग घरीच न्या ना. बेड नाहीत."

"माणूस मेल्यावर बरी जागा होते तुमच्याकडे!" ती ओरडली. मागच्या रांगेतल्या माणसांनी जमिनीकडे पाहिलं. दादा हळूच म्हणाला, "ताई, चल. तमाशा नको."

तिनं त्याला घरी नेलं. नवरा दारात आडवा आला. "आपली एकच खोली आहे. पोराचं काय?"

"पोरगं सात वर्षांचं आहे. खिडकी उघडी ठेवू. आत येऊ दे त्याला."

एकच पलंग, तो दादाला. तिनं त्याला गरम पाण्यानं पुसलं, औषध दिलं, पाय उशीवर ठेवला. पट्टी काढली नाही. हात होईना.

सत्तावीसला तिनं रजा टाकली आणि पलंगाशी बसून राहिली. दादा दिवसभर झोपला. श्वास घरघरत होता, पण होता.

अठ्ठावीसच्या सकाळी तो उठून बसला.

"चहा टाकतेस का गं, चिमणे?"

लहानपणी तो तिला याच नावानं हाक मारायचा. तिनं पायाकडे पाहिलं. पट्टी कोरी होती.

ती वाटभर हसत, रडत आगाराकडे गेली. म्हणजे छप्पर लागतं तर. एक दार, एक पलंग. एवढंच लागतं!

शटरपुढं रांग होती, रोजच्यापेक्षा लांब. कुणी बोलत नव्हतं. ती जवळ आली तशी माणसं एकेक करून पाय पुढं करू लागली. कुणी हात, कुणी कोपर.

२९. ३०. पुन्हा ३०. २.

सगळं तिचंच अक्षर.

पहिल्या नंबरला भंगार वेचणारी बाई होती. तिनं पदर सावरला, एखाद्याच्या दारात उभी असावी तशी.

"दादाला घरी नेलंत म्हणे," ती म्हणाली. "माझी आजची आहे, ताई. खाली जमिनीवर झोपेन."

ताईनं तिची पट्टी धरली. २८. दोनाची शेपटी तिच्या अंगठ्याला लागून पुसली गेली.

शाई अजून ओली होती.