घंटा थांबली की पाय थांबवायचे

आमच्या एर्त्सच्या डोंगरात घंटेचं सगळं उलटं आहे. बाकीच्या जगात घंटा वाजली की माणसं दचकतात. आमच्याकडे ती वाजायची थांबली की दचकतात. जुन्या काळी खाणीतलं पाणी उपसायला मोठं लाकडी पाणचाक असायचं आणि चाकाला जोडलेली एक छोटी घंटा. चाक फिरतंय तोवर घंटा वाजणार. ती थांबली म्हणजे चाक थांबलं, आणि चाक थांबलं म्हणजे खाली माणसांच्या पायाशी पाणी चढतंय. त्यामुळे इथलं पोर चालायला लागलं की त्याला पहिली गोष्ट शिकवतात: घंटा थांबली की पाय थांबवायचे. खाणी बंद होऊन पिढ्या लोटल्या, नवं चाक आता फक्त पर्यटकांसाठी फिरतं, तरी ही शिकवण काही गेलेली नाही.

आणि गंमत अशी, की सतत वाजणारी घंटा इथल्या माणसाला ऐकूच येत नाही. ती कानात मुरलेली असते. थांबली तरच कळतं, की इतका वेळ वाजत होती.

इर्महिल्ड बायरॉयटरचा तर जन्मच त्या घंटेखाली गेला. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तरणी. पाहुण्यांना जुन्या पाटाच्या वाटेने चाकापर्यंत फिरवून आणायचं हे तिचं काम. चाकाची देखभाल तिचा नवरा एकार्ट करायचा. तो गेल्या नाताळाआधी गेला. थंडीने गोठायच्या आत पाटाचं पाणी बंद करून घंटा वाजवणारा आतला लोलक काढून ठेवायचा, हे दर ऑक्टोबरात त्याचं काम. यंदा पहिल्यांदाच ते तिने केलं. लोलक त्याच्याच जुन्या शर्टात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला आणि खण लावता लावता थोडं रडून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभराने तिची लेक आल्मुट हॅम्बुर्गहून आली. सातवा महिना लागलेला. आधीची दोन्ही बाळं राहिली नव्हती. दुसरं गेलं तेव्हा आल्मुट दवाखान्यात होती, आणि त्याच दिवसांत इकडे एकार्ट गेला, म्हणून तिला बापाच्या मातीलाही येता आलं नाही. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक लेकरासाठी नाताळात खिडकीत एक लाकडी मूर्ती उभी करतात. मुलगी असेल तर देवदूत, मुलगा असेल तर खाणकामगार, हातांत मेणबत्त्या. इर्महिल्डने दोन्ही वेळा घाई करून मूर्ती आणली होती. त्या दोन्ही कागदात गुंडाळलेल्या माळ्यावर पडून होत्या. यंदा सुताराच्या दुकानावरून जाताना ती मान वळवून चालायची. एवढं मूल पदरात पडू दे, बाकी काही नको, असं तिचं रोजचं मागणं होतं.

“आई, आज मी तुझ्याबरोबर चाकापर्यंत येणार. बाबांच्या बाकावर बसायचंय मला.”

“आधी पोट बघ, मग वाट बघ.”

“डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय.”

“त्यांनी हॅम्बुर्गच्या फुटपाथवर सांगितलं असेल. तिथे चढायला काय, एक पायरी!”

पण आल्मुटचा हट्ट म्हणजे बापाचा हट्ट. दुपारचं जेवण झाल्यावर दोघी निघाल्या. त्या दिवशी पाहुणे एकच होते, ब्रेमेनचे ल्युडेके म्हणून निवृत्त मास्तर. हातातल्या काठीवर ठिकठिकाणचे पत्र्याचे बिल्ले ठोकलेले, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही.

“आमचा मुलूख इतका सपाट, बाई, की पुलावर चढलं तरी लोक गिर्यारोहण म्हणतात,” ते म्हणाले.

“मग आज जपून. इथे चढण्यापेक्षा खाली जाणं सोपं,” इर्महिल्ड म्हणाली.

वाट पाटाच्या कडेकडेने जाते. एका बाजूला कोरडा पाट, दुसऱ्या बाजूला जुन्या खाणींचे खचलेले खड्डे, त्यात वाढलेले बीचचे वृक्ष, पिवळी पानं. ल्युडेके प्रत्येक खड्ड्यात डोकावून ‘बाप रे’ म्हणत होते. आल्मुट हसत होती. बऱ्याच दिवसांनी लेकीचं हसू ऐकून इर्महिल्डला बरं वाटलं.

निम्मी वाट सरली आणि धुकं आलं. आमच्याकडचं धुकं सरकत येत नाही, उभ्या जागी दाटतं. आधी समोरची झाडं गेली, मग जवळची, मग स्वतःचे बूट. पानांवरून थेंब गळत होते, तेवढाच काय तो आवाज. ल्युडेकेंचं बोलणंसुद्धा आटलं.

“परत फिरायचं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“चाक जवळ आहे आता. तिथून गाडीरस्ता लागतो. एकमेकांना धरून चला.”

आल्मुट पुढे झाली. लहानपणी ती ही वाट डोळे मिटून धावायची. मागे इर्महिल्ड, तिच्या मागे काठी टेकत ल्युडेके. चालता चालता इर्महिल्डचं मन घरी गेलं. बटाटे किसून ठेवलेत, ते काळे पडायच्या आत पोचलं पाहिजे, लेकीला ताकातला गेट्सन, आपलं बटाट्याचं जाड धिरडं, भाजून घालायचा, वर ब्लूबेरी...

आणि एकदम तिचे पाय थांबले.

का, ते तिला कळलं नाही. समोर आल्मुटही थांबली होती, एक पाय उचललेला, तसाच अधांतरी. ल्युडेके येऊन इर्महिल्डच्या पाठीवर आदळले.

“काय झालं?”

“घंटा थांबली,” मायलेकी एकदमच म्हणाल्या.

“घंटा? कुठली घंटा? मला तर काही...”

त्यांचं वाक्य तोंडातच राहिलं. आल्मुटच्या पुढचं धुकं खाली चाललं होतं. मोरीत दूध ओतावं तसं ते गोल फिरत जमिनीत उतरत होतं. मग एक उंच झाड हळूच कलंडलं आणि उभंच्या उभं नाहीसं झालं. आवाज कितीतरी वेळाने आला, खूप खालून. त्याच्यामागून वास आला, ओल्या दगडाचा, कुजलेल्या लाकडाचा, आणि मोहरीच्या तेलासारखा एक उग्र वास. जुन्या खाणकामगारांच्या दिव्यांना असा वास यायचा, असं इर्महिल्डची आजी सांगायची.

आल्मुटने उचललेला पाय अगदी सावकाश मागे घेतला. तो जिथे टेकला असता ती जागा आता नव्हती.

“आई...” तिचा आवाज ओळखू येत नव्हता. “लोलक तर तू काढलायस ना? मी सकाळी खणात पाहिला... बाबांच्या शर्टात.”

इर्महिल्डने लेकीची बाही घट्ट धरली. लोलक घरी होता. पाट कोरडा होता. मग इतका वेळ, त्या पाटाच्या वाटेला लागल्यापासून, काय वाजत होतं?

“हलू नकोस,” ती एवढंच म्हणाली.

“आई, बाळ हलत नाहीये.”

“काय?”

“दुपारपासून लाथा मारत होतं. घंटा थांबली... तेव्हापासून एकदम गप्प आहे.”

इर्महिल्डने दोन्ही हात लेकीच्या पोटावर ठेवले. आत काही नव्हतं, हालचाल नाही, काही नाही. पायाखाली माती बारीक कुरकुरत होती. पुढे जावं तर भोक, मागे जावं तर मागची जमीन तरी शाबूत आहे का, कोण सांगणार? तिला माळ्यावरच्या त्या दोन मूर्ती आठवल्या आणि तिचा धीर सुटला. “एकार्ट,” ती पुटपुटली, “अरे, आता तिसरं नको रे...”

धुक्यात काहीच झालं नाही. थेंब गळत राहिले.

मग डावीकडून, वाट नव्हती त्या बाजूने, वर झाडीतून आवाज आला. टण्... टण्... बारीक, दमाने. आणि इर्महिल्डच्या तळहाताखाली पोटात एक सणसणीत लाथ बसली.

आल्मुट हसली की रडली ते सांगता येत नाही.

“वाजतेय तोवर चालायचं,” इर्महिल्ड म्हणाली. “थांबली की थांबायचं. मास्तर, तुमच्या काठीचं टोक माझ्या हातात द्या.”

“पण मला खरंच काही ऐकू येत नाहीये हो. मी बहिरा, की तुम्ही दोघी...”

“वेड्या म्हणा हवं तर. पण चला.”

तिघं झाडीत शिरली. घंटा पुढे पुढे जात होती. एकदा ती थांबली, तेव्हा मायलेकी थिजल्या आणि पोटातलं बाळही थिजलं. इर्महिल्डने पाऊल उजवीकडे सरकवलं, तशी ती पुन्हा वाजू लागली. ल्युडेके सगळा वेळ देवाचं नाव घेत होते. एरवी आपण देव मानत नाही, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. शेवटी पायाला डांबर लागलं. गाडीरस्ता आला होता, आणि रस्त्यापलीकडे चाकाची खोपी.

चाक स्तब्ध, कोरडं. घंटा जागेवर टांगलेली. आल्मुटने वाकून तिच्या आत पाहिलं. आत नुसती पोकळी होती, एका कोळ्याने तिथे जाळंही विणलं होतं, आणि ते कुठे तुटलेलं नव्हतं.

बापाच्या बाकावर ती बराच वेळ बसून राहिली. इर्महिल्ड तिच्या शेजारी. ल्युडेकेंनी काठीवरचा एक बिल्ला उचकटला आणि घंटेखालच्या खांबात दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी खाणखात्याची माणसं आली, दोऱ्या बांधल्या, फलक लावले. पुढचं भोक तर होतंच, पण ज्या वाटेने तिघं आली होती तीही मागे मोठ्या लांबीपर्यंत खचली होती. शाबूत होता तो झाडीतला एकच वाकडातिकडा पट्टा. तिथून कसं काय आलात, असं त्यांनी विचारलं. “माहितीची वाट आहे,” इर्महिल्ड म्हणाली.

आल्मुट हॅम्बुर्गला परत गेली नाही. तिच्या नवऱ्यानेच इकडे नोकरी शोधली. जानेवारीत, बर्फ खिडकीला टेकलेलं असताना, मुलगी झाली. फ्रीडा. नाताळ उलटून गेला होता, तरी इर्महिल्डने माळ्यावरचा देवदूत खाली काढला, कागद सोडला, पुसला आणि खिडकीत मेणबत्त्या लावून उभा केला. शेजारणी हसल्या, तर म्हणाली, “माझी नात आहे, माझं कॅलेंडर आहे.”

पोर गोड आहे. रडत नाही, कुरकुरत नाही, दुपारी पाळण्यात टाकलं की गाढ झोपते. फक्त कधीतरी, भर दुपारी, घरात चिटपाखरूही बोलत नसताना, ती खाडकन डोळे उघडते. रडत नाही. हातपाय जिथल्या तिथे, आणि नजर जमिनीकडे. ऐकत असल्यासारखी.

तेव्हा चुलीपाशी इर्महिल्डच्या हातातली पळी थांबते. जिन्यात आल्मुट थांबते, एक पाय उचललेला. दोघींना काही ऐकू आलेलं नसतं. लोलक खणात असतो. तरी पोर पुन्हा डोळे मिटेपर्यंत त्या घरात कुणी पाऊल टाकत नाही.