बेचाळीस नंबरचं कार्ड

हे खोटं असतं तर मी जास्त चांगलं लिहिलं असतं.

खरं आहे, म्हणून असं ओबडधोबड आहे. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मला टाळ्या नकोत. टाळ्या कुणाला मिळतात ते मी त्या शाळेत बघितलंय.

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. कुत्रं रडावं लागतं, दिवा विझावा लागतो. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे दुपार आहे. फेब्रुवारी १९९४, बुधवार, पावणेतीनची वेळ. वेस्टमीथ काउंटीतल्या एका शेतकऱ्याचं उताराचं कुरण, त्यावर गुडघाभर धुकं, आणि चिखलात पळणाऱ्या शे-दीडशे पोरी.

शाळेचं नाव लिहीत नाही. ऑफली काउंटीत आहे, दलदलीच्या कडेला, एवढं पुरे. त्यांच्याकडे वकील आहे. माझ्याकडे फक्त ही गोष्ट आहे.

मी डिम्फ्ना गिलहूली. तेव्हा सोळा वर्षांची होते.

शाळेत शिरलं की समोरच ओकच्या लाकडाचा मोठा मानफलक होता. मैदानी खेळांतलं यश, सोनेरी अक्षरांत. आमचे हेडमास्तर लोहान. या माणसाचा जीव त्या फलकात होता. विज्ञानाच्या वर्गात पावसाळी दिवसांत बादल्या ठेवायला लागायच्या, पण फलकाला दर सोमवारी पॉलिश व्हायचं. एखादी पोर आजारी पडो, शाळा सोडून इंग्लंडला जावो, लोहानला घेणंदेणं नाही. पाहुणा आला की आधी फलकापुढे उभा करायचा. स्वतः आयुष्यात बसच्या मागेसुद्धा पळाला नव्हता.

क्रॉस-कंट्रीत एका शाळेच्या सहा मुली पळतात. धरतात फक्त पहिल्या चौघींचे क्रमांक. बेरीज सगळ्यात कमी, ती शाळा पहिली. शर्यत संपली की दोन दोरांच्या मधून जायचं. तिथला माणूस हातात क्रमांकाचं कार्ड देतो. ते आपल्या बाईंना द्यायचं. बाई चार कार्डं पाकिटात घालतात आणि टेबलावर देतात.

बास. तोंडं कुणी बघत नाही. कार्डं मोजतात.

१९९३ साली आम्हाला कांस्य मिळालं. आमच्यातली चौथी होती अट्रॅक्टा कनेन. आम्ही तिला ॲटी म्हणायचो. बाप पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, कापायच्या मशीनवर कामाला. हिच्या डाव्या बुटाला नाडी नव्हती, गवताचे गठ्ठे बांधायची निळी सुतळी ओवलेली असायची.

"नवी नाडी घे की गं," मी म्हणायचे.

"ही तुटत नाही. तुझी तुटेल, मग माझ्याकडेच येशील मागायला."

आठवड्याने फलकावर चार नावं आली. तीन बरोबर होती. चौथं होतं क्लीओना लोहान.

हेडमास्तरची पुतणी. आमच्यात सहावी आली होती. फलकाचं लाकूड तिच्या बापाच्या दुकानातलं.

ॲटी तडक ऑफिसात गेली. मी दाराबाहेर होते. सगळं ऐकलं.

"सर, चौथी मी होते."

"संघ म्हणजे संघ, पोरी. असं मोजायचं नसतं."

"मग चारच नावं कशाला? क्लीओना सहावी होती."

"मोठ्यांशी कसं बोलायचं ते तुझ्या घरी शिकवत नाहीत वाटतं."

ती बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते. पण हसत होती.

"जाऊ दे गं डिम्फी. पुढच्या वर्षी पुन्हा चौथी येते. बघू कसा खोडतोय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

ऑक्टोबरमध्ये ती एका दुपारी दलदलीच्या रस्त्यावर एकटीच पळायला गेली. रस्त्याकडेच्या चरात सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. छातीत दुखतंय असं तिनं आठवडाभर आधी आमच्या धावण्याच्या बाईंना, मिस टूहींना, सांगितलं होतं. त्यांनी लोहानला सांगितलं. लोहान म्हणाला, "नाटकं."

दफनाच्या दिवशी आम्हाला ट्रॅकसूट घालून चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत दोन रांगांत उभं केलं. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी तिचे धावायचे बूट वेदीपर्यंत कुणी नेले माहितेय?

लोहाननं. दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून. जसं काही त्यानंच शिवले होते.

मग ते बूट तिच्या आईनं शवपेटीवर ठेवले. पेटीबरोबर खाली गेले. वर माती पडली. निळी सुतळी शेवटपर्यंत दिसत होती. मी डोळ्यांनी बघितलं.

आता त्या बुधवारकडे येते.

आम्ही सहाजणी पळालो. एकीचा बूट पहिल्याच ओढ्यात चिखलात राहिला, ती थांबली. दुसरीला ओकाऱ्या झाल्या, ती बसली. दुसऱ्या फेरीला क्लीओना कुंपणाला टेकून उभी दिसली. छान वेणी, कोरडे गुडघे. लांब उभ्या असलेल्या एका पंचाच्या जीपला हात करत होती.

म्हणजे आम्ही तिघी उरलो. दोघी पुढे, मी तिसरी. तिघींचा संघ होत नाही. सगळं फुकट. तरी पळत होते, कारण थांबले असते तर गारठले असते.

शेवटच्या चढावर धुकं दाट झालं.

आणि मागून आवाज आला...

चप... चप... चप...

एक बूट नीट पडत होता. दुसरा सैल. टाच उचलली की हवा शिरत होती.

मला वाटलं कुणीतरी ओलांडणार. डावीकडे सरकले. जागा दिली.

कुणी आलं नाही.

मी वेग वाढवला. आवाजानंही वाढवला. मी मंदावले... तोही मंदावला. दोन हात मागे. ना जास्त, ना कमी.

एकदा मान वळवून बघितलं. धुकं. आणि त्यात, थोडं मागे, लाल जर्सीतली लाँगफर्डच्या शाळेची एक मुलगी. मधे कुणी नाही.

चप... चप...

शेवटची रेषा ओलांडून दोरांमध्ये शिरले. टोपीवाल्या म्हाताऱ्यानं कार्ड हातात दिलं. "एक्केचाळीस. शाब्बास पोरी."

मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला,

"बेचाळीस. अगं, किती गारठलीस! जा, अंगावर काहीतरी घाल."

मी वळले.

मागे कुणीच नव्हतं.

त्याच्या हातात बेचाळीसचं कार्डही नव्हतं.

चार-पाच सेकंदांनी लाँगफर्डची मुलगी आली. तिला त्रेचाळीस मिळालं. धापा टाकत माझ्यावरच डाफरली.

"तुमची ती मधली कोण गं? दोनदा ओलांडायला गेले, जागाच देत नाही! आणि बुटाला नाडी तरी बांध म्हणावं. निळी सुतळी काय!"

मी दोरांमधून बाहेर पडले.

मिस टूहींकडे गेले. त्यांच्या हातात दोन कार्डं असायला हवी होती. तीन होती. माझं धरून चार. सात, एकोणीस, एक्केचाळीस, बेचाळीस. बेचाळीस ओलं होतं. चिखलानं नाही. दलदलीच्या त्या काळपट, तपकिरी पाण्यानं.

"मिस, हे कुणी दिलं?"

"आत्ताच कुणीतरी..." त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. "डिम्फ्ना, काय गार हात होता गं तो."

तेवढ्यात लोहान आला. लांब कोट, चकचकीत बूट.

"चार कार्डं?"

"सर, पण मुली तिघीच—"

"मिस टूही, कार्डं किती आहेत?"

"चार."

"मग संघ पूर्ण."

क्लीओना जीपमधून उतरली. खांद्यावर घोंगडी, हातात बिस्किट.

"काका, मी गाडीतून आले," ती म्हणाली. तिच्या बाजूनं एवढं सांगते. तेव्हा ती खरं बोलली होती.

"गप्प बस. गुडघ्यांना चिखल लाव."

ती नुसती उभी राहिली. तेव्हा तो माणूस, आमचा हेडमास्तर, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, स्वतः खाली वाकला. मूठभर चिखल घेतला आणि पुतणीच्या गुडघ्यांना फासला. आधी एका, मग दुसऱ्या. फोटोसाठी.

मी म्हणाले, "सर, त्या कार्डावर क्लीओनाचा हक्क नाही. ते—"

"ते कुणाचं, गिलहूली? सांग ना. नाव सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या दोघी पुढच्या, रौप्य मिळणार म्हणून डोळ्यांत पाणी आणून. मिस टूही, नको गं म्हणत. आणि मला व्यायाम-शिक्षिकेच्या कॉलेजात जायचं होतं. शिफारशीवर सही लोहानची लागणार होती.

नाव माझ्या जिभेवर होतं.

मी गिळलं.

लोहानला शिव्या घालायला मला आवडतं. पण त्या दिवशी त्या कुरणात दोन भेकडं होती. एकाच्या बुटांना पॉलिश होतं, एवढाच फरक.

पॅकी नावाच्या म्हाताऱ्या रंगाऱ्यानं फलकावर चार नावं काढली. चौथं क्लीओना लोहान. आठ दिवसांत त्या ओळीचं सोनं ओघळलं. फक्त त्या ओळीचं. त्यानं पुन्हा काढलं. पुन्हा ओघळलं. तिसऱ्यांदा त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि लोहानला तोंडावर सांगितलं, "दुसरा माणूस बघा साहेब. मी अक्षरं रंगवतो, कोणाशी भांडत नाही."

लोहान म्हणाला, "भिंतीला ओल आहे."

ओल म्हणे. फलकाखाली हीटर होता. शेवटी त्या ओळीवर क्लीओनाच्या नावाची पितळी पट्टी स्क्रूनं बसवली.

मी कॉलेजात गेले. शिक्षिका झाले. रोज पळते. आणि रोज मागे...

चप... चप...

एकतीस वर्षं. दोन हात मागे. गॉलवेला समुद्रकाठी, स्पेनमध्ये सुट्टीत, डांबरावर, वाळूत. मी थांबले की थांबते. कधी ओलांडत नाही. का ओलांडेल? मी तिसरी. ती चौथी. तिला तिची जागा हवी होती, माझी नाही.

गेल्या नोव्हेंबरात शाळेचं पत्र आलं. क्रीडा-यशाची पन्नास वर्षं. रविवारी दुपारी दोन वाजता, चहा आणि हॅमची सँडविचेस. जुन्या विजेत्यांनी दोन शब्द बोलावेत.

मी गेले.

लोहान पहिल्या रांगेत, खुर्चीत, पायांवर शाल. ऐंशी पार. लोक वाकून हात मिळवत होते. क्लीओना आता शाळेच्या संचालक मंडळावर आहे. माझं नाव पुकारलं गेलं. फलक माझ्या मागेच होता.

मी म्हणाले, "त्र्याण्णवला आमच्यातली चौथी अट्रॅक्टा कनेन होती. चौऱ्याण्णवलाही चौथं कार्ड तिचंच. मी तेव्हा बोलले नाही. आज बोलतेय. ती पट्टी काढा."

कप बशीवर ठेवल्याचे आवाज आले.

लोहान शालीतूनच म्हणाला, "त्या बिचारीचं हृदय कमकुवत होतं."

"सर, मी हृदयाचं विचारलं नाही. क्रमांकाचं विचारलं."

"बस गं डिम्फ्ना," मागून कुणीतरी म्हणालं. "चहा घे. आज चांगला दिवस आहे."

चांगला दिवस. या लोकांना मेलेली पोर चालते, चुकलेली बेरीज चालते, चहा गार झालेला चालत नाही. दोन मिनिटांत पुन्हा सँडविचेस फिरायला लागली. मी हातानं पट्टीचा एक स्क्रू ओढला, तो लोण्यासारखा निघाला. मागचं लाकूड काळं, मऊ. बोटाला तपकिरी पाणी लागलं.

क्लीओना शेजारी येऊन उभी राहिली होती. ओठ पांढरे. हळूच म्हणाली, "त्या दिवसापासून मी पळालेच नाही, डिम्फी. बससाठीसुद्धा नाही. पळाले की गुडघे गार पडतात."

मग तिनं उरलेले स्क्रू स्वतः काढले. पट्टी पर्समध्ये टाकली. काकाकडे बघितलं नाही.

बाहेर पडले तेव्हा साडेतीन झाले होते. उजेड होता. गाडी रस्त्यापलीकडे लावली होती. मला वाटलं, संपलं. बोलले. एकतीस वर्षं उशिरा, पण बोलले.

आणि मागून आवाज आला...

चप... चप... चप...

मी थांबले.

आवाज थांबला नाही.

पहिल्यांदाच थांबला नाही.

जवळ आला. माझ्या उजव्या हाताला ओली, गार बाही घासून गेली. पिटाचा वास आला. आणि आवाज माझ्या पुढे निघाला.

ओलांडलं तिनं मला.

आता रोज सकाळी ती पुढे असते. दोन हात पुढे. मी तिसरी नाही राहिले. मला वाटलं होतं, नाव घेतलं की तिला जागा मिळेल आणि मी सुटेन. तिला जागा मिळाली. कुणाची, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मी मंदावले की ती मंदावते. मी थांबले की थांबते, मी येईपर्यंत. माझ्या घराजवळ, ती सापडली त्या दलदलीच्या रस्त्याचा फाटा आला की आवाज डावीकडे वळतो.

मी सरळ जाते. अजून तरी.

काल फाट्यावर माझी नाडी तुटली. बांधायला खाली वाकले...

रस्त्यावर, माझ्या बुटापुढे, निळ्या सुतळीचा एक तुकडा पडला होता. ओला.