तुळशीपुढचं गाऱ्हाणं

मागची खोली कौस्तुभला भाड्याने दिली तेव्हा मी एकच अट घातली होती. सकाळी तुळशीला पाणी घालून होईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. आमचे हे ट्रॉलरवर तांडेल, बोटीचे कप्तान. बोट समुद्रात असेपर्यंत रोज उठल्यापासून त्या पाण्यापर्यंत मी मौन धरते. एकवीस वर्षांत एकदाही मोडलं नाही, आणि हे दर वेळी घरी आले.

कौस्तुभ पुण्याचा. आवाज पकडायचा आणि त्या आवाजावर संगणकात चित्रं हलवायचा. आमच्या देवबागची खाडी, रापणीच्या जाळ्याची दोरी, माडाची झावळं, काही सोडलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्याने मला खोलीत बोलावलं.

"काकू, तुमचं मौन रेकॉर्ड केलंय. वृंदावनाच्या कोनाड्यात माइक ठेवला होता."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही देवाकडे कौल लावायला गेला असता."

पडद्यावर पांढऱ्या रेघांची एक बाई पाठमोरी उभी होती. आधी केरसुणी ऐकू आली, मग तांब्या. त्याने आवाज वाढवला. रेघांची मान वळली, ओठ हलू लागले. आवाज माझा होता.

"बा देवा म्हाराजा, माझ्या घोवाक परत धाडू नको रे म्हाराजा."

आणि ती थांबली. गाऱ्हाणं घालणारा थांबतो तशी, बाकीच्यांच्या होकारासाठी.

"नवऱ्याला परत धाडू नको, हे मी बोलले नाही."

"मग मनातलं बाहेर आलं असेल." तो हसला. पडद्याकडे वाकून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

आमच्याकडे शेंबडं पोरही कशाला होकार देतंय ते कळल्याशिवाय हे शब्द उच्चारत नाही.

"पूस ते. आत्ता."

त्याने पुसलं. वायरही ओढून काढली. बाईचे ओठ थांबले नाहीत.

संध्याकाळच्या एसटीने तो गेला. सामान इथेच टाकून.

दुसऱ्या दिवशी बोट लागली. दर्या शांत होता. सहाही खलाशी उतरले, हे नाहीत.

"तांडेल सुकाणूर होते, वैनी," बाबू खलाशी खाली बघत म्हणाला. "तेंनीच चाय मागल्यानी. मी घेवन गेलंय, तर थंय कोण नाय."

मी मौन सोडलेलं नाही. हे अजून समुद्रातच आहेत.

आज तांब्या उचलला, तेव्हा मागच्या कुलूपबंद खोलीत माझं गाऱ्हाणं सुरू झालं.

मग ते थांबलं.

पुष्कळ जण एका सुरात म्हणाले, व्हय म्हाराजा.

सगळ्यांत आधी ह्यांचा आवाज लागला.