कोंडीबाचा तराफा कुणी बुडवला?

“मल्लप्पाला बुडवायचंच!” विजयमालाने अर्धा पेरू तलावात भिरकावला. “तेबी बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत!”

“हळू बोल की!” सिद्राम घाबरून इकडेतिकडे पाहू लागला. त्रिंबक मात्र खूश! दिवाळीची सुट्टी लागून चार दिवस झाले होते आणि आत्ता कुठे काहीतरी करण्यासारखं सापडलं होतं.

विजयमालाचा राग साधासुधा नव्हता. वळसंगजवळच्या या तलावावर तिचे वडील कोंडीबा तराफा चालवत. खाली बारा रिकामी पिंपं, वर फळ्या, मागे इंजिन. आठवड्यापूर्वी भर तलावात तराफ्याचं पुढचं तोंडच पाण्यात घुसलं. माणसं वाचली, सारजाबाईंच्या दोन शेळ्या गेल्या. तराफ्याचा मालक मल्लप्पा चारचौघांत म्हणाला, “कोंडीबा पिऊन आला हुता!”

ज्याने जन्मात दारूला हात लावला नाही, तो माणूस तेव्हापासून घराबाहेर पडला नव्हता. आणि ही पोर हे विसरणार? छे!

तेवढ्यात तराफा काठाला लागला. चोरीच्या भीतीने इंजिन रोज काढून मल्लप्पाच्या घरी नेत. दोन गड्यांनी ते काठीला टांगलं आणि कण्हत-कुथत निघाले.

विजयमाला ताडकन उठली. “माझे तात्या तर एकटेच खांद्यावर न्यायचे! आता दोघं कशाला?”

“तराफा बुडाला त्याच दिवशी सकाळी दुरुस्त करून आणलंय म्हणं,” सिद्राम म्हणाला. “रंगबी दिलाय.”

“दुरुस्तीनं वजन वाढतं व्हय रं?”

गड्यांनी लिंबाखाली इंजिन टेकवलं आणि ते तंबाखू मळत बसले. सिद्रामने त्यांना बोलण्यात गुंतवलं. त्रिंबकने मागून हळूच नखाने रंग खरवडला. वर ठसठशीत ‘१०’ लिहिलेलं, आणि खाली... ‘२५’!

“दहाच्या जागी पंचवीस हॉर्सपॉवर! लबाड!” विजयमालाचे दात करकरले. “जास्त खेपा मारायला! एवढ्या जोरानं तराफ्याचं तोंड पाण्यात घुसणारच! आणि बोल कुणाला? माझ्या तात्यांना!”

“परवान्याचे साहेब बाजारादिवशी येणार हायत. त्यांना सांगू,” सिद्राम म्हणाला.

“सांगू की. पण आधी मला मल्लप्पाला गटांगळ्या खाताना बघायचंय!”

बाजाराचा दिवस उजाडला. काठावर ही गर्दी! साहेबांनी परवाना वाचला. “दहा हॉर्सपॉवरच्या वर चालणार नाही.”

“दहाचंच हाय, साहेब!” मल्लप्पा छातीवर हात ठेवून म्हणाला.

विजयमाला पुढे झाली. आवाजात नुसती साखर! “मल्लप्पाकाका, आमच्या तात्यांना जमलं न्हाय. तुमी एकटेच बसून दाखवा की. एकदम जोरात!”

मल्लप्पाने मिशीवर ताव दिला, तराफ्यावर चढला आणि इंजिन पुऱ्या जोरात सोडलं. तराफा उसळला! पण पिंपांची तोंडं चपटी, पाणी कापायला टोक कुठलं? पाणी पुढे साचत गेलं, फळ्यांवर चढलं आणि तराफ्याने नाक खुपसलं. धप्प! मल्लप्पा पाण्यात! मिशा खाली, आवाज वर.

विजयमाला पोट धरधरून हसली. तराफा बुडाल्यापासून पहिल्यांदाच.

“दोर टाका! दोर!” तो एका पिंपाला मिठी मारून ओरडत होता. दोर विजयमालाच्या हातात होता.

“आधी सांगा, इंजिन कितीचं?”

“पं... पंचवीसचं!”

“दहाचा आकडा कुणी रंगवला?”

“म्या!”

“आणि तात्या पिऊन हुते?”

“न्हाय गं बाई, न्हाय! थेंबबी घेतला न्हवता!”

काठावर एकच गलका झाला. रंगाखालचा आकडा कसा सापडला ते त्रिंबकने साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी परवान्याचा कागद फाडला आणि त्रिंबकची पाठ थोपटली. “शाबास पोरांनो! आम्हा मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत! आता दहाचं इंजिन लागेल तेव्हाच नवा परवाना, आणि चालवणार कोंडीबाच. पोरी, टाक आता दोर.”

“टाकते की, साहेब,” विजयमाला शांतपणे म्हणाली. “पिंप धरलंय, बुडत न्हाय त्यो. तात्यांना येऊ द्या. त्यांच्या तोंडावर परत बोलू दे.”

गर्दीतून सारजाबाई पुढे आल्या, त्यांनी पदर खोचला आणि कोंडीबाला आणायला त्या स्वतः निघाल्या.