वाटीचा डाव फुटला कसा?

"सात... आठ..." तनुजा मोठ्यानं आकडे मोजत होती. तिच्यासमोर हातात चकती धरून उभी होती शेंद्र्याच्या संघातली संध्या. मुकुंदवाडी संघाच्या तनुजा, शिवम आणि प्रेरणा या तिघांनी तिला घेरलं होतं.

अल्टिमेट फ्रिसबीत ज्याच्या हातात चकती असते, त्याला पळता येत नाही. समोरच्यानं दहा मोजायच्या आत त्यानं ती आपल्या गड्याकडे फेकायची. मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचलेल्या गड्यानं ती पकडली, की एक गुण. मुकुंदवाडीच्या बद्रीनाथ सरांनी यावर एक डाव बसवला होता. तिघांनी फेकणाऱ्याभोवती वाटीसारखं उभं राहायचं, एका बाजूला मुद्दाम फट ठेवायची, आणि फटीतून चकती आली रे आली की पलीकडे दबा धरून बसलेल्यानं ती झडपायची. डावाचं नावच होतं 'वाटी'.

पण संध्यानं फटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं चकती अलगद तिघांच्या डोक्यांवरून टाकली. वाटीच्या मागं नेमकी तेवढीच जागा मोकळी होती, आणि तिथं शेंद्र्याचा एक मुलगा आधीच येऊन थांबला होता.

एकदा झालं असतं तर कुणी नशीब म्हटलं असतं. त्या दिवशी ते सात वेळा झालं. आधीच्या गुरुवारच्या सराव सामन्यातही हेच झालं होतं, आणि तेव्हाचा डाव तर वेगळा होता. रविवारी शहराच्या उन्हाळी स्पर्धेचा अंतिम सामना याच शेंद्र्याशी होता.

सामना संपल्यावर बद्रीनाथ सरांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. सर तसे प्रेमळ, पण गुपितांच्या बाबतीत फार कडक. सरावाला आल्यावर मोबाइल त्यांच्या डब्यात जमा करावे लागत. डावाबद्दल घरी आईलासुद्धा सांगायचं नाही, असा दंडक होता.

"आपल्यात कुणीतरी फितूर आहे," सर म्हणाले.

मग एकेक मान वळली आणि सगळे तनुजाकडे पाहायला लागले. संध्या तिची मावसबहीण होती. तनुजा दर रविवारी मावशीकडे शेंद्र्याला जायची, हे साऱ्या संघाला माहीत होतं.

"मी काही सांगितलं नाही, सर."

"मी कुणाचं नाव घेतलंय का? पण रविवारी तू बाहेर बस. नंतर बघू."

संघाचा कप्तान शिवम. तिसरीपासून तनुजाच्याच वर्गातला. तो आपल्या बुटाची नाडी सोडत राहिला. तनुजाला सरांच्या बोलण्यापेक्षा त्या नाडीचा जास्त राग आला. ती घरी गेली ती कुणाशी न बोलता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती सरावाला गेलीच नाही. अकराच्या सुमाराला सराव आटोपून संघातला आकाश आणि प्रेरणा तिच्या दारात हजर झाले. मागं शिवमही होता, जरा लांब उभा.

"हा कशाला आलाय?" तनुजानं विचारलं.

"तुझ्यावर नजर ठेवायला," प्रेरणा म्हणाली. "असं तोच म्हणाला. मी म्हटलं ठेव बाबा, पण उन्हात उभा राहून ठेव."

तनुजाला हसू आलं नाही. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ती तिनं आकाशला विचारली. "काल तू दोन चकत्या पकडल्यास. दुसऱ्या वेळी संध्या तुला काय म्हणाली?"

आकाशनं चष्मा पुसला. "म्हणाली, 'तू इथं कसा?' मला वाटलं, चिडली असंल."

"चिडली नव्हती. चकित झाली होती. तू मैदानात कुठं उभा होतास?"

"मागं, उजव्या कोपऱ्यात."

"आणि सरांच्या चित्रात?"

आकाशनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सरांनी काढलेल्या चित्रात आकाशची जागा डाव्या कोपऱ्यात होती. पण सकाळचं ऊन चष्म्यावर येतं अशी त्यानं कुरकुर केली, म्हणून सरांनी त्याला तोंडीच उजवीकडे पाठवलं होतं. ते तिथं हजर असलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

"म्हणजे संध्याला उजवा कोपरा रिकामा वाटत होता," तनुजा सावकाश म्हणाली. "चित्रात तो रिकामाच आहे. आपल्यातल्या कुणी सांगितलं असतं, तर बदलसुद्धा सांगितला असता. जी चूक चित्रात, तीच त्यांच्या डोक्यात. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी चित्र पाहिलंय."

"किंवा तू मुद्दाम अर्धवट सांगितलंस," शिवम लांबूनच म्हणाला.

"शिवम, तू फितूर असतास तर अर्धवट सांगितलं असतंस का?" प्रेरणानं विचारलं. शिवमनं विचार केला आणि उन्हातून सावलीत आला.

आता प्रश्न असा, की चित्र कुठं गेलं? सरांना कागद पुरत नसे. ते जुने फ्लेक्स गोळा करायचे. एका बाजूला कुठल्यातरी दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर जाड काळ्या पेननं गोल, बाण, नावं असा सगळा डाव काढायचा, मुलांकडून घोकून घ्यायचा आणि मग फ्लेक्सची घडी करून मैदानाच्या रखवालदाराला सांगायचं, "कडूबा, हे फेकून दे."

चौघं मैदानावर गेले. कडूबामामा सायकल काढून घरी निघालाच होता. घर त्याचं शेंद्र्याला. सायकलच्या कॅरिअरला एक जाडजूड घडी बांधलेली होती. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रेरणानं शिवमला कोपरानं ढोसलं.

"मामा, हे काय नेता?" शिवमनं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" कडूबामामानं घडीवर हात ठेवला. "उशीर झालाय मला." आणि तो निघालासुद्धा.

"गडबड आहे," आकाश कुजबुजला.

जालना रोडवर शेअर रिक्षा मिळायला वेळ लागला. चौघं शेंद्र्याच्या फाट्यावर उतरले, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कडूबामामाची सायकल शोधावी लागली नाही. ती एका रसवंतीला टेकून उभी होती. चरक फिरत होता, त्याचे घुंगरू वाजत होते, आणि मामा बांबूवर चढून छताला सुतळी बांधत होता.

मुलं पलीकडच्या उसाच्या मोळ्यांमागं दबली. छतावर, आभाळाकडे तोंड करून, दादा हसत होते.

"फोटो वर, पांढरी बाजू खाली," तनुजा पुटपुटली. "आणि खाली कोण बसतं?"

उत्तर दहा मिनिटांत आलं. शेंद्र्याचा अख्खा संघ सराव आटोपून रस प्यायला आला आणि छताखालच्या बाकांवर बसला. संध्या होती. त्यांचे पुंडलिक सरही होते. पुंडलिक सरांनी मान वर केली, छत न्याहाळलं, आणि मोळीतला एक ऊस उपसून वर रोखला.

"चला, आज नवीन आलाय," ते म्हणाले. "हा बघा, आकाश. या बारीला उजवीकडं. म्हणजे डावा कोपरा मोकळा. ही फट खोटी, तिकडं बघायचं पण नाय."

तो सरांनी त्याच सकाळी सरावात रविवारसाठी बसवलेला डाव होता. शिवमचा चेहरा पडला. तो तनुजाकडे वळला आणि म्हणाला, "मी काल बोलायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं," तनुजा म्हणाली. अजून तिचा राग गेला नव्हता आणि तिनं तो लपवलाही नाही.

शेंद्र्याची मुलं गेल्यावर चौघं पुढं आले. कडूबामामा त्यांना पाहून दचकला. "सरांना सांगू नका रे," तो म्हणाला. "फेक म्हणले होते. पण एवढं चांगलं प्लास्टिक फेकायचं? बहीण दिवसभर उन्हात बसती."

त्याची बहीण सरूबाई चरकाजवळून म्हणाली, "लई सावली झाली बघा. त्या रेघोट्यांचं मला काय कळत नाय. बसा लेकरांनो, रस घ्या."

कडूबामामाला खरंच काही माहीत नव्हतं. त्या रेघोट्या म्हणजे संघाचे डाव आहेत, हे मुलांनी त्याला सांगून टाकलं, तेव्हा त्यानं डोक्यालाच हात लावला.

आता सरांना पटवायचं कसं? तनुजाचं ते ऐकणार नव्हते. शिवमनं फोन लावला. "सर, फितूर सापडला. शेंद्रा फाट्यावरच्या रसवंतीत आहे. लगेच या, पण कुणाला सांगू नका." गुपित म्हटल्यावर सर वाऱ्यासारखे आले.

"कुठंय?" त्यांनी मोटारसायकल लावता लावताच विचारलं.

"आधी बसा, सर. रस घ्या," प्रेरणा म्हणाली.

सरांनी ग्लास तोंडाला लावला, मान वर केली, आणि ग्लास तसाच राहिला. डोक्यावर त्यांच्याच अक्षरात त्यांचे तीन डाव पसरले होते. वाटी होती, फट होती. आकाशच्या नावाभोवती त्यांनी स्वतः दोनदा गिरवलेला गोल होता.

मग सर उठले आणि छत ओढायला हात वर केला.

"राहू द्या, सर," तनुजा म्हणाली. "सरूबाईंची सावली आहे ती. आणि त्यांना तो डाव वाचू द्या. आपण तोच डाव उलटा खेळू. डावीकडचे सगळे उजवीकडं, उजवीकडचे डावीकडं. फटही उलट बाजूला. नवं काही शिकायला नको."

"पण ही फसवणूक नाही का होत?" आकाशनं विचारलं.

"आपण कुठं काय खोटं सांगितलं? छत त्यांनी वाचलं," प्रेरणा म्हणाली.

सर तनुजाकडे पाहत होते. "रविवारी वाटीत मधोमध तू उभी राहशील," ते एवढंच बोलले.

रविवारी बरोबरी झाली, आठ-आठ. शेवटचा एक गुण उरला. चकती पुन्हा संध्याच्या हातात, आणि समोर तनुजा.

"सहा... सात..."

संध्यानं फटीकडे पाहिलं नाही. छतावर खोटी म्हणून दाखवलेली फट आज मुळी तिथं नव्हतीच, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिला तिघांच्या पलीकडचं दिसत नव्हतं. तिनं जोर लावून चकती डाव्या कोपऱ्याकडे भिरकावली. तिचा गडी धावला, पण आकाश तिथं आधीच उभा होता. डोळ्यांवर ऊन येत होतं, तरी त्यानं दोन्ही हातांत चकती दाबून धरली. तिथून ती शिवमकडे, शिवमकडून तनुजाकडे आणि तनुजाकडून रेषेपलीकडे पोचलेल्या प्रेरणाकडे गेली. मुकुंदवाडी जिंकली.

या खेळात पंच नसतो. चूक झाली तर ज्याची त्यानं कबूल करायची असते. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांत मिसळून गोल करतात आणि मनातलं बोलतात. पुंडलिक सर आधी बोलले. "आम्ही छत वाचलं, हे खरंय. वर टांगलेलं होतं, पण वाचून गप्प बसलो, ते चुकलंच. ही उलटापालट कुणाची?"

सगळ्यांनी तनुजाकडे बोट केलं.

"लई हुशार आहेस, पोरी," पुंडलिक सर म्हणाले. संध्यानं तिच्या खांद्याला खांदा मारला.

मग बद्रीनाथ सर गोलाच्या मध्ये आले. "मी आठवडाभर फितूर शोधत होतो," ते म्हणाले. "तुमचे मोबाइल डब्यात ठेवले आणि डाव स्वतःच्या हातानं बाहेर पाठवला. हिच्यावर मात्र न विचारता संशय घेतला. फितूर मीच निघालो. तनुजा, चुकलं माझं."

ठीक आहे म्हणावं असं तनुजाला वाटलं, पण ते खरं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचारा. मग बाहेर बसवा."

सरांनी दोन्ही संघांसमोर आपले कान धरले आणि होकारार्थी मान हलवली.